शहरातली सर्वांत सुखी वस्ती

मला खुर्चीत पाच मिनिटं धड बसवत नाही. पाय हलतो, पेन टकटकतं, मध्येच उठून मी खिडकीपर्यंत जाऊन येतो. बायको म्हणते, "तुमच्या अंगात मुंग्यांचं वारूळ आहे." असेल! पण याच चुळबुळीतून मी तीन आठवड्यांत असा नकाशा तयार केला, की अख्ख्या महापालिकेने तोंडात बोट घालावं.

पालिकेच्या अ‍ॅपचं काम माझ्याकडे. कल्पना साधी होती. तक्रारींच्या अ‍ॅपवर शहरभरातून ज्या तक्रारी येतात, त्या नकाशावर मांडायच्या. जिथे तक्रारी जास्त तिथे लाल, जिथे नाहीत तिथे हिरवं. लाल भागात आधी पाणी, आधी रस्ते, आधी झाडू. वशिला नाही, ओळखपाळख नाही. शुद्ध न्याय!

आयुक्तसाहेबांसमोर मी नकाशा पडद्यावर टाकला. टेकडीवरची बंगल्यांची कॉलनी तापल्या तव्यासारखी लालभडक. तिथल्या एका निवृत्त प्राध्यापकांच्याच त्रेचाळीस तक्रारी होत्या. त्यातली एक, 'समोरचा कुत्रा माझ्याकडे रोखून बघतो' अशी. आणि नाल्यापलीकडची वस्ती? हिरवीगार! एकही तक्रार नाही!

"एकही नाही?" साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"शून्य, साहेब."

"साहेब, तिथं मी वीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवतोय," दाराशी उभे असलेले पाणीखात्याचे व्हॉल्व्हवाले काका खाकरून म्हणाले. "तिथं तर..."

"काका, अनुभव नको, आकडे बोला!" मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते लगेच पुन्हा एकदा म्हणालो.

साहेबांचे डोळे चमकले. "अशा समाधानी नागरिकांचा जाहीर सत्कार झाला पाहिजे! मानचिन्ह तयार करा. 'शहरातली सर्वांत सुखी वस्ती'!"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर चांगल्या धडधाकट दिसणाऱ्या रोग्याच्या एक्सरेकडे पाहतो.

चार दिवसांनी सकाळी पालिकेची मोठी गाडी नाल्यापलीकडे शिरली. मी तर आनंदाने सीटवर उसळत होतो. गाडी दिसली मात्र, घराघरांतून माणसं धावत सुटली! बायका, म्हातारे, पोरं, सगळी!

"काय हे प्रेम!" साहेब खिडकीतून हात हलवत म्हणाले.

"साहेब, त्यांच्या हातात बादल्या आहेत," मागच्या सीटवरून काका म्हणाले.

लोकांना आमची गाडी पाण्याचा टँकर वाटली होती. दोन मिनिटांत आमच्याभोवती बादल्या, हंडे, कॅन यांचा वेढा पडला. साहेब उतरले तर कुणीतरी त्यांच्या हातात रिकामी कळशी दिली आणि म्हणालं, "रांगेत धरा!" साहेबांनी धरली. मोठा माणूस! त्यांनी एका हातात कळशी, दुसऱ्या हातात मानचिन्ह घेऊन भाषण सुरू केलं.

"बंधुभगिनींनो, गेल्या वर्षभरात तुमची एकही तक्रार नाही..."

"काय?" कपडे शिवणाऱ्या एक मावशी मशीनवरून उठून पुढे आल्या. गळ्यात टेप, तोंडात टाचणी. त्यांनी टाचणी काढली. "एकही नाही? मी एकटीने बावीस केल्यात!"

"मावशी, आकडे तसं सांगत नाहीत," मी मध्ये पडलो.

"तुझे आकडे तुझ्याजवळ ठेव! हे बघ!" त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. तक्रार: आठ दिवस नळ कोरडा. खाली लाल अक्षरांत: 'घर क्रमांक अपूर्ण. तक्रार रद्द.'

"मग घर क्रमांक भरायचा ना!"

"द्यायचा कोणी? पालिकेने! दारावर कधी टाकलाय?"

मी मागे वळून पाहिलं. एकाही दारावर क्रमांक नव्हता. आता सगळ्यांनीच फोन बाहेर काढले. रद्द, रद्द, रद्द! काहीतरी चुकतंय, ते माझ्या फोनवर तपासायला मी दोन पावलं बाजूला सरकलो, आणि ज्या फरशीवर पाय ठेवला, ती गटारावर नुसती टेकवलेली होती!

धप्प! उजवा पाय गुडघ्यापर्यंत गटारात. निघता निघेना.

"कर आता तक्रार!" मावशी म्हणाल्या.

आणि मी केली! त्याच अवस्थेत, फोटोसकट! तीन सेकंदांत उत्तर आलं, 'घर क्रमांक अपूर्ण. तक्रार रद्द.' वस्ती अशी हसली, की बादल्या खाली पडल्या.

साहेब मात्र हसत नव्हते. "घर क्रमांक सक्तीचा कोणी केला?"

"मी, साहेब," मी गटारातून म्हणालो. "अ‍ॅप सुरू करतानाच, माहिती स्वच्छ राहावी म्हणून."

काकांनी मला बखोटीला धरून बाहेर ओढलं. पाय आला, बूट आत राहिला. साहेबांनी मानचिन्ह गुपचूप गाडीत ठेवलं, कळशी मात्र परत देताना मान खाली घातली.

ऑफिसात येऊन मी रद्द तक्रारी उघडल्या. दोन हजार तीनशे सोळा! सगळ्या नाल्यापलीकडच्या. एकीत लिहिलं होतं, 'मूल आजारी आहे, निदान आज तरी पाणी सोडा.' तारीख सहा महिन्यांपूर्वीची. त्या दिवशी मात्र माझा पाय हलला नाही.

मग पंधरा दिवस मी आणि काका रंगाचा डबा घेऊन दारोदार फिरलो. मी दारांवर आकडे काढायचो, काका घरात किती माणसं, पाणी कधी येतं, ते विचारायचे. घर क्रमांकाची सक्ती काढली, नकाशा नव्याने रंगवला. बंगल्यांची कॉलनी फिकी पडली, नाल्यापलीकडे लालच लाल. साहेबांनी नवी जलवाहिनी तिकडे आधी वळवली. प्राध्यापकांनी त्याविरुद्धही तक्रार केली, ती मी मान देऊन नोंदवली.

अखेर नळाला पाणी आलं. मी मुद्दाम मावशींना फोन लावला.

"मावशी, पाणी आलं ना?"

"आलं की! चांगलं धो धो आलं."

माझी छाती फुगली.

"पण सकाळी अकराला सोडता रे! मी मशीनवर, बाकी सगळ्या तेव्हा कामावर. रिकाम्या घरांत नळ वाहतोय! ही वेळ कुठल्या शहाण्याने ठरवली?"

आकड्यांनुसार त्या वेळी तिथली पाण्याची मागणी सर्वांत कमी असते, म्हणून ती वेळ मीच निवडली होती.

"खात्यात चौकशी करून कळवतो, मावशी," मी म्हणालो आणि फोन ठेवला.