स्वतःपासून शंभर यार्ड

दोन हजार आठ साली तंबाखूच्या कायद्याची कडक अंमलबजावणी होणार असं जाहीर झालं, आणि पनवेलमधल्या एका माणसाने ते खरं मानलं. त्याचं नाव मुबारक.

एसटी स्टँडमागे त्याचं पान-विडीचं दुकान. अर्धी हयात कुवेतमध्ये दुसऱ्याचं काउंटर सांभाळून तो नुकताच परत आला होता. वडिलांची बंद टपरी उघडताना त्याने बायकोला, शमाला, शब्द दिला होता की आता तुला सोडून कुठे जाणार नाही. दुकान चाललं तर नवरा घरी, नाही चाललं तर पुन्हा कुवेत, हे शमाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती रोज दुकानासाठी दुआ मागायची.

बाकीचे टपरीवाले शहाणे. कायदा आला की तो जाईपर्यंत ते गप्प बसून राहत. मुबारकला मात्र परदेशात एक वाईट सवय लागली होती. नियम दिसला की तो पाळायचा.

आधी दुकानावर फलक चढला, वर सडलेल्या जबड्याचा फोटो. मग जाहिरात नको म्हणून पाकिटं पडद्याआड गेली. मग कळलं की विडी पेटवायची सोयही पुरवायची नाही. तेव्हा वडिलांच्या काळी होती तशीच खांबाला धुमसत असलेली सुंभाची दोरी त्याने स्वतःच्या हाताने पाण्यात बुडवली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

करंजाड्याचा काशिराम, सरकारी प्रकल्पात जमीन जाऊन प्लॉट मिळालेला आणि म्हणून दिवसभर मोकळा, विडी मागायला आला तर मुबारकने वयाचा दाखला मागितला.

"मेल्या, माज्या नातीच्या हळदीला तू जेवून गेलास ना?" काशिराम भडकला. "तवा नाय मागलास दाखला!"

"हळदीला वयाची अट नाही, काशिरामदादा. तंबाखूला आहे."

"बरं, काडी तरी दे."

"पेटी विकत घ्या. विकता येते, पुरवता येत नाही."

"आमी कुवेतला आलो का काय रं?" असं म्हणत काशिराम समोरच्या वडापाववाल्याच्या शेगडीकडे गेला.

धूम्रनियमन कक्षाचे निरीक्षक अविनाशसाहेब आले ते दंडाचं पावतीपुस्तक उघडूनच.

"फलक?"

"हा काय."

"पेटती दोरी?"

"विझवली, साहेब."

"लहान मुलांना विक्री?"

"मोठ्यांनाच जेमतेम होते."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आजवरच्या सेवेत निर्दोष दुकान त्यांना कधी भेटलंच नव्हतं, आणि भेटल्यास काय करावं हे कुठल्याही परिपत्रकात नव्हतं. पण आल्यासारखं काहीतरी करायलाच हवं. म्हणून त्यांनी मुबारकचा सत्कार केला.

शाल, नारळ, 'आदर्श नियमपालक विक्रेता' असं सन्मानपत्र. शमाने ते काच लावून भिंतीवर टांगलं. आता या दुकानाला कुणाची नजर लागायची नाही, असं तिला वाटलं. बिचारी!

पाठोपाठ परिपत्रक निघालं: तंबाखूचे दुष्परिणाम समजावेत म्हणून सर्व शाळांनी आदर्श दुकानास भेट द्यावी. जवळच्या शाळेतल्या नीताबाई आपला वर्ग घेऊन आल्या, मग इतर शाळांची रांगच लागली. मुलं सडलेला जबडा वहीत काढायची, रंगवायची. मुबारक त्यांना घसा फोडून सांगायचा, "बाळांनो, हे कधी खाऊ नका." त्याला ते मनापासून वाटायचं. मुलं असेपर्यंत तो विक्री बंद ठेवायचा, म्हणजे जवळजवळ दिवसभर.

मग एका जागरूक नागरिकाने तक्रार केली: शाळेची मुलं तंबाखूच्या दुकानात जातात!

आता आली का पंचाईत! मुलांचं जाणं चूक म्हणावं तर परिपत्रक काढणारं खातं चूक ठरतं. खातं चुकत नाही. तेव्हा खात्याने निर्णय दिला की जिथे मुलं नियमित शिकतात ती जागा शैक्षणिक संस्था होय. मुलांचं जाणं योग्यच आहे. आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला तर बंदी आहे.

अविनाशसाहेब टेप घेऊन आले. एक टोक त्यांनी संस्थेच्या काउंटरवर धरलं. दुसरं टोक दुकानाच्या काउंटरवर धरलं.

"अंतर शून्य," ते गंभीरपणे म्हणाले. "दुकान शंभर यार्ड हलवा."

"साहेब, दुकान हलवलं की संस्थाही बरोबर येणार ना?"

"तो तुमचा अंतर्गत प्रश्न आहे."

"मग मुलांना पाठवू नका ना!"

"शिक्षणाला विरोध करताय?" साहेबांनी सील लावलं. लावताना त्यांना खरोखर वाईट वाटलं, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

महिन्याभरात मुबारकची बॅग भरली गेली. "सगळ्या पनवेलात तुम्हालाच कायद्याची पडली होती!" शमा रडत, भांडत एकेक कपडा आत कोंबत होती. "माझा विचार नाही आला?"

"तुझाच तर केला," मुबारक म्हणाला. "मला भीती वाटत होती ना, नियम मोडला तर कुणी दुकान बंद पाडेल म्हणून."

आता सील केलेल्या दाराच्या पायरीवर काशिराम पिशवीतून विड्या, सिगारेटी विकतो. फलक नाही, परवाना नाही, दाखला नाही. फलकाच्याच खिळ्याला त्याने नवी सुंभाची दोरी टांगली आहे. अविनाशसाहेब येता-जाता तिच्यावर सिगारेट पेटवून घेतात. दुकानच नाही, तर तपासायचं काय?

मुबारकचा विषय तिथे रोज निघतो. सगळे हळहळतात. भला माणूस हो, पण इतकं सरळ वागायचं कशाला?

तुम्हीही आत्ता वाचता वाचता हेच म्हणालात. फक्त मोठ्याने नाही म्हणालात.