मार्गदर्शक अकरा, विमान एक

कोणतीही विद्या शिकायची म्हटली, की आधी मंडळ लागतं. विद्येचं नंतर बघता येतं. याच तत्त्वावर मीरा-भाईंदर हौशी विमानोड्डाण मंडळ उभं राहिलं, आणि (पावसाळा वगळता) दर रविवारी सकाळी भाईंदर पश्चिमेला, जागामालक धर्माच्या बंद पडलेल्या मिठागरावर ते जमतं.

रिमोटवर चालणारी छोटी विमानं उडवायला शिकणं आणि शिकवणं, हे मंडळाचं ध्येय. ताज्या आकडेवारीनुसार मंडळात मार्गदर्शक अकरा, शिकाऊ एक आणि उडणारी विमानं शून्य. विद्यार्थ्यामागे इतके शिक्षक महागड्या शाळांनाही परवडत नाहीत. मार्गदर्शकपदाची पद्धतही पारदर्शक आहे. ज्याचं विमान पहिल्याच उड्डाणात पडेल, तो त्याच दिवशी मार्गदर्शक. त्याला शाल आणि श्रीफळ मिळतं आणि त्यानंतर तो विमानाला हात लावत नाही. (अनुभवी माणसाने हात मळवू नयेत, असा संकेत आहे.)

एकमेव शिकाऊ म्हणजे पंढरीनाथ. विमा कचेरीतून निवृत्त होऊन, परळची खोली सोडून ते मीरा रोडला आले, आणि इथे आकाश बरंच मोकळं दिसल्यामुळे त्यांना ही हौस लागली.

"मला ती शाल नकोय," ते पत्नीला, मनोरमाबाईंना म्हणाले. "एक गोल मारून विमान नीट खाली उतरवायचंय. आणि पुढच्या रविवारी परत उडवायचंय. बास."

"शाली कपाटात सहा पडल्यायत," मनोरमाबाई म्हणाल्या. "विमान एकच आहे. जपून."

पंढरीनाथांनी तयारी कसून केली. कॉम्प्युटरवरचं विमान त्यांनी इतक्या वेळा पाडलं, की शेवटी ते पडेनासं झालं. खरी अडचण एकच होती. विमान आपल्याकडे येऊ लागलं, की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं. त्याच्या सरावासाठी मनोरमाबाई स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येत, आणि पंढरीनाथ सोफ्यावर बसून अंगठ्यांनी त्यांना वळवत.

"आता उतरवा मला," मनोरमाबाई म्हणत. "चहा निवतोय."

उड्डाणाच्या सकाळी पंढरीनाथांनी विमानाचे पंख दोन बोटांच्या टोकांवर तोलून पाहिले. नाक झुकलं नाही, शेपूट झुकलं नाही. ते बूट घालायला वळले तेवढ्यात मनोरमाबाईंनी शेपटाला लिंबू-मिरच्या बांधल्या. (पुढे पंखा फिरतो; मिरच्या चिरल्या गेल्या असत्या.)

"अगं, तोल जाईल त्याचा!"

"लिंबाचं वजन ते काय हो! रिक्षावाले नाही बांधत?"

"रिक्षा उडत नाही."

"घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून जाऊन बघा एकदा."

मिठागरावर पोचल्यावर लिंबू गुपचूप सोडायचं, असं पंढरीनाथांनी ठरवलं होतं. पण अध्यक्ष योगेंद्र यांनी त्यांचा हात धरला.

"थांबा काका. आपली आजवर किती विमानं पडली? अकरा. त्यातल्या कितींना लिंबू होतं?"

एकालाही नव्हतं. या शास्त्रशुद्ध निरीक्षणावरून लिंबू ठेवण्याचा ठराव एकमताने संमत झाला. (शिकाऊला मताचा अधिकार नाही.)

"म्हशीला हाकतात तसं हाकायचं," जागामालक आणि मार्गदर्शक क्रमांक चार असलेल्या धर्माने शेवटचा सल्ला दिला. "आपली हाय ना, जाते कुठं? काय भ्यायचं न्हाय."

विमान सुटलं. सुटताच नाक वर करून ते थेट आभाळाकडे निघालं. पंढरीनाथांनी रिमोटची काडी रेटून रेटून नाक खाली ठेवलं, जपून वळण घेतलं, आणि अर्धा गोल पुरा झाला. मंडळाच्या इतिहासात प्रथमच अकरा मार्गदर्शक गप्प होते. तो अर्धा गोल पंढरीनाथांचा होता, एकट्याचा.

मग विमान त्यांच्याकडे वळलं.

"डावीकडे घ्या, डावीकडे!"

"अरे काका, लेफ्ट मारो, लेफ्ट!"

"त्याचं डावं की तुमचं?"

पंढरीनाथांनी डोळ्यांसमोर चहा घेऊन येणाऱ्या मनोरमाबाई आणल्या आणि अचूक उजवीकडे अंगठा सारला. विमान वळलंही. पण त्या गडबडीत नाक पुन्हा वर गेलं, वेग संपला, आणि क्षणभर हवेत उभं राहून विमान शेपटावर खाडीच्या चिखलात बसलं आणि तिथून नाकावर कोसळलं.

पाहणी पथकाच्या अहवालानुसार पंख मोडले, नाक फुटलं, लिंबू सुखरूप. यावरून लिंबाची उपयुक्तता सिद्ध झाली, आणि यापुढे दोन बांधावीत असं ठरलं. पंढरीनाथांना शाल मिळाली. मनोरमाबाईंनी ती सातवी म्हणून कपाटात ठेवली, पण पुढच्या रविवारी पंढरीनाथांनी स्वतःच ती मागून घेतली. सकाळी गारवा असतो.

त्या रविवारी संचिता नावाची नवी शिकाऊ आली होती. कॉलेजातली मुलगी. तिने विमान बोटांवर तोललं. शेपूट खाली गेलं. तिने शेपटाची दोन लिंबं पाहिली, मग पंढरीनाथांकडे पाहिलं.

"काका, तुम्हीच शेवटचं उडवलंत ना? ही काढू का?"

पंढरीनाथांनी तोंड उघडलं. काढ, हा एवढाच शब्द होता. ती काढेल, मग उडवेल, उतरवेल, आणि पुढच्या रविवारी परत येईल. मग बारा अनुभवी माणसांनी इथे उभं राहून काय करायचं? अकरा जण त्यांच्याकडे पाहत होते. शाल उबदार होती.

"राहू दे बाळ," ते म्हणाले. "अनुभवाने सांगतो."

संचिता तेरावी मार्गदर्शक झाली. आता, काढ म्हणायला हवं होतं, किंवा दोन लिंबं नाकालाही बांधायला हवी होती, असं ज्या वाचकांना वाचता वाचता वाटलं, त्यांचं म्हणणं मंडळाला मान्य आहे. आपण रिमोट कधी हातात धरलेला नाही, म्हणजे आपला अनुभव अजून निष्कलंक आहे. चौदावी जागा आपल्यासाठी राखून ठेवली आहे. रविवारी सकाळी या. श्रीफळ मंडळ देईल; शाल तेवढी घरून आणावी.