काखेतल्या थर्मासची बातमी

जेवलेली ताटली उचलून बेसिनपर्यंत न्यायची विल्मेरला कधी आठवण झाली नाही, पण ओमाहा बायसन या फुटबॉल क्लबने कुठला खेळाडू घ्यावा आणि कुठला हाकलावा, हे मात्र त्याला सगळ्या अमेरिकेपेक्षा जास्त कळत होतं. त्याच्या आईची, तोमासाबाईंची, हीच तक्रार होती, आणि ती त्या अशा आवाजात करत की चोविसाव्या रस्त्यावरच्या न्हाव्यालाही वेगळी सांगावी लागत नसे. चौतिशीचा घोडा! आईचं खाण्याचं दुकान आवरायच्या वेळेला मदत करायची सोडून हा कोपऱ्यातलं टेबल अडवायचा, माइक मांडायचा आणि इंटरनेटवरून जगाला फुटबॉल शिकवायला बसायचा. बाजूला त्याचा दोस्त डॅरिल. दिवसा विजेच्या तारा ओढणारा आणि सामन्याच्या दिवशी गोलमागच्या स्टँडात ढोल बडवणारा पन्नाशीचा धिप्पाड गडी.

"मंडळी, काल रात्री टीव्हीवरच्या क्रीडावार्ता बघितल्या?" विल्मेर माइकवर कडाडला. "तासभर बडबड! आणि सगळी त्या अमेरिकन फुटबॉलच्या अंड्यासारख्या चेंडूवर! अरे, त्या खेळाचा हंगाम सध्या बंद आहे, बंद! आपल्या बायसनच्या वाट्याला काय? शेवटी स्कोअर. तोही चुकीचा!"

"हाताने खेळतात आणि नाव काय, तर फुटबॉल," तोमासाबाई तव्यावरची पुपुसा, म्हणजे सारण भरलेली मक्याची भाकरी, उलटत म्हणाल्या. "मी हाताने पीठ मळते, मग काय पायाने मळलं म्हणून सांगू?"

"आई, माइक चालू आहे!"

"मग ऐकू दे की. मी काय खोटं बोलले?"

डॅरिल हसून टेबलावर ढोल वाजवायला लागला. पण विल्मेर त्या आठवड्यात जरा जपून होता. क्लबच्या माध्यम विभागातल्या होल्मक्विस्टबाईंनी त्याला बोलावून सांगितलं होतं की यंदा चाहत्यांच्या कार्यक्रमवाल्यांपैकी एकाला पत्रकार कक्षात कायमची जागा मिळणार, आणि त्याचं नाव विचारात आहे. "पण मिस्टर विल्मेर," त्या म्हणाल्या होत्या, "आणखी एक बोगस बातमी दिलीत, तर विसरा." मागच्या खेपेला त्याने फोनवर एका खासगी विमानाचा माग काढला होता. नवा खेळाडू येतोय म्हणून सगळी फौज ढोल-मफलर घेऊन विमानतळावर नेली, आणि विमानातून उतरल्या दोन शर्यतीच्या घोड्या. डॅरिलने तरी एकीच्या गळ्यात मफलर घातलाच.

तेव्हापासून विल्मेरला ती जागा स्वप्नात दिसत होती. काचेमागचं टेबल, खुर्ची, गळ्यात ओळखपत्र. ज्या टीव्हीवाल्यांना तो रोज शिव्या घालत होता, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं होतं त्याला.

"या आठवड्यात बातमी नाही," त्याने माइकवर जाहीर केलं. "पुरावा असल्याशिवाय एक शब्द नाही."

"आज एक उरुग्वेवाला आला होता," तोमासाबाई आपल्या नादात बोलल्या. "उंच. गुडघ्याला पट्टा. सात पुपुसा खाल्ल्या मेल्याने, पण काखेतला थर्मास काही खाली ठेवला नाही. तिकडची माणसं त्यांच्या त्या माते चहासाठी गरम पाणी सतत जवळ बाळगतात; काखेत थर्मास धरून जेवतो तो उरुग्वेचाच. म्हणाला, इथे काम जमलं तर उद्या परत येतो."

डॅरिलने विल्मेरकडे बघितलं. विल्मेरने डॅरिलकडे बघितलं. इग्नासिओ लेम्बो! उरुग्वेचा, उंच, गुडघ्याच्या दुखापतीतून उठलेला आणि आपल्या क्लबवर रुसलेला खेळाडू. खेळाडू कसला, गोलांचा कारखाना!

"मंडळी," विल्मेरचा आवाज फाटला, "पुरावा आलाय!"

सकाळी तोमासाबाई दुकान उघडायला आल्या तर दारात रांग. माणसांच्या गळ्यात मफलर, पोरांच्या तोंडाला रंग, आणि डॅरिल ढोल घेऊन फूटपाथवर.

"मावशी, तो कुठल्या टेबलावर बसला होता?"

"खिडकीपाशी. का रे?"

लगेच खिडकीपाशी धक्काबुक्की सुरू झाली. त्या खुर्चीवर बसून फोटो काढायला दोन बायका भांडल्या. तोमासाबाईंनी पळीने दोघींना बाजूला केलं आणि सांगितलं की आधी खायचं, मग बसायचं. दुपारपर्यंत पीठ संपलं.

तेवढ्यात भिंतीवरच्या टीव्हीवर मोठ्या चॅनलचा तो टाय लावलेला माणूस आला, जो एरवी बायसनचं नावही धड घेत नसे. "ओमाहामधल्या अत्यंत विश्वसनीय सूत्रांनुसार," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "लेम्बो शहरात दाखल झाला असून त्याने स्थानिक आहाराशी जुळवून घेतलं आहे."

"बघितलंस, आई!" विल्मेर खुर्चीवर चढला. "राष्ट्रीय चॅनल सांगतंय! आता तर पक्कंच झालं!"

"अरे शहाण्या, त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांची सूत्रं असतात!"

"ते सूत्र तव्यापाशी उभं आहे! मी तुला सांगितलं, तू जगाला सांगितलंस, जगाने त्या टायवाल्याला सांगितलं, आणि आता तो तुला सांगतोय. आणि तू माझ्यासमोर नाचतोस?"

"तुला यातलं कळत नाही, आई. दोन ठिकाणांहून आलेली बातमी खरी धरतात."

हे ऐकून तोमासाबाईंनी पळी खाली ठेवली. त्या पळी खाली ठेवतात तेव्हा घरातली माणसं दाराकडे सरकतात, पण त्याच वेळी बाहेर गलका उठला. उरुग्वेवाला आला होता! उंच, लंगडत, काखेत थर्मास. डॅरिलने ढोल असा काही पिटला की समोरच्या गाडीचा भोंगा आपोआप वाजायला लागला. कुणी त्याच्या गळ्यात मफलर टाकला, कुणी त्याला खांद्यावर उचललं, आणि चारशे गळ्यांनी एकच नाव धरलं, "लेम्बो! लेम्बो!"

बिचारा वरून ओरडत होता, "अहो, मी बैलवाला! बैल! इथल्या खाटिकखान्याशी सौदा करायला आलोय! गुडघ्यावर बैलाने लाथ मारलीय!"

"काय नम्र माणूस आहे!" एक बाई डोळे पुसत म्हणाली.

शेवटी तोमासाबाईंनीच गर्दीत घुसून त्याला खाली उतरवलं, खुर्ची दिली आणि पुढ्यात ताटली ठेवली. त्याने आपलं व्यापाराचं कार्ड काढून दाखवलं. त्यावर खरंच बैलाचं चित्र होतं. ढोल थांबला. विल्मेरचा फोन वाजला. होल्मक्विस्टबाई. तो "हो बाई, हो बाई" करत राहिला आणि मग भिंतीला टेकून खाली बसला.

"गेली जागा," तो म्हणाला.

तोमासाबाईंच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण पोराचं तोंड बघून त्यांनी ते गिळलं आणि त्याच्यापुढेही ताटली ठेवली. त्याने ती संपवली आणि, नवल म्हणजे, स्वतः उचलून बेसिनमध्ये ठेवली. त्यांना तर आणखीच काळजी वाटली.

पण बैलवाल्याच्या मिरवणुकीची चित्रफीत तिकडे उरुग्वेत पोचली होती. खऱ्या लेम्बोने ती बघितली. त्याच्या क्लबने त्याला महिनोन्महिने बाकावर बसवून ठेवलेलं, आणि इथे माणसं त्याच्या नावाने एका बैलवाल्याला खांद्यावर नाचवत होती! त्याने एजंटला फोन केला. एजंटने बायसनला केला. पंधरवडा उलटला आणि क्लबने जाहीर केलं: लेम्बो येतोय. होल्मक्विस्टबाईंनी विल्मेरला पुन्हा बोलावलं आणि म्हणाल्या, "तुमची सूत्रं आमच्याही पुढची निघाली." ओळखपत्र गळ्यात पडलं. त्या संध्याकाळी तो माइकवर इतका फुगून बोलला की तोमासाबाईंनी पंखा त्याच्याकडे वळवला.

लेम्बोचा पहिला सामना. स्टेडियम तुडुंब. तोमासाबाई गोलमागे, डॅरिलच्या ढोलाशेजारी. वर काचेमागे विल्मेर, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच्या टेबलावर सूचना चिकटवलेली होती: पत्रकार कक्षात जल्लोष करू नये. आजूबाजूचे सगळे जांभया देत टायपिंग करत होते. विल्मेरने मांडीखाली हात दाबून धरले.

खेळ संपत आला आणि डावीकडून चेंडू आला. लेम्बो उडाला. डोकं, जाळं!

खाली ढोल फुटायचा बाकी राहिला. आणि त्या सगळ्या गदारोळातही तोमासाबाईंना वरून एक ओळखीचा आवाज ऐकू आला, "गोऽऽऽल!" काचेमागे एक माणूस टेबलावर उभा होता. शर्ट फिरवत. शेजाऱ्याची कॉफी शेजाऱ्याच्या संगणकावर.

थोड्या वेळाने विल्मेर गर्दीतून वाट काढत खाली आला. शर्ट हातात. गळ्यात काही नाही.

"काढून घेतलं," तो म्हणाला. "कायमचं. तोंडातून 'गोल' निघूनच गेला, आई."

तोमासाबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग स्वतःचा मफलर काढून त्याच्या उघड्या गळ्यात गुंडाळला आणि आजूबाजूच्या चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा खरी बातमी दिलीस रे गाढवा, आणि त्यांनी नेमकं तिच्यावरूनच तुला हाकललं!"