सिनेटरसाहेबांची प्रॉम्प्टर

माणूस जसजसा वरच्या पदावर चढतो तसतशी त्याची स्मरणशक्ती क्षीण होत जाते, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. ऑफिसबॉयला बारा जणांच्या चहातली साखर आठवते. साहेबाला स्वतःची सही आठवत नाही. या शास्त्रात अमेरिकेने जी मजल मारली आहे, तिला तोड नाही.

तिथले एक माजी सिनेटर अबुधाबीतल्या एका अमेरिकन वॉटर फिल्टर कंपनीचे सल्लागार होते. सिनेटर असताना त्यांनी याच कंपनीला तपासणीतून सूट दिली, मग त्यांच्याच गावच्या नळांना चहाच्या रंगाचे पाणी आले (दूध वेगळे घालावे लागे), आणि कंपनीने कृतज्ञतेने त्यांना खुर्ची दिली. शेवटी वॉशिंग्टनमध्ये चौकशी समिती बसली. डॉक्टरांनी साहेबांना कोवळे ऊन सांगितलेले असल्यामुळे साक्ष अबुधाबीहून, व्हिडिओवर ठरली.

कंपनीचे कागद सांभाळत मृणालिनी कर्णिक. नवरा सुरेश सध्या नोकरीच्या शोधात, मुलगी ईश्वरी बारावीला. दोघांचाही व्हिसा बाईंच्या नोकरीवर. म्हणजे ती नोकरी गेली की मोहम्मद बिन झायद सिटीतले घर, शाळा, बोर्डाची परीक्षा, सगळेच खलास.

"मृणाल, फाइली दे आणि गप्प बस," निघताना सुरेश म्हणाला.

"मी कशाला बोलतेय?"

"मागच्या नाटकात हीरोपेक्षा तुझाच आवाज जास्त ऐकू येत होता."

"आई, प्लीज, जस्ट बी नॉर्मल," ईश्वरीने मोबाइलमधून मान वर न काढता सांगितले.

बाई अबुधाबीतल्या मराठी मंडळाच्या नाटकांच्या प्रॉम्प्टर होत्या. विंगेत उभे राहून अडलेल्या नटाला त्याचे वाक्य जसेच्या तसे पुरवायचे. सोळा वर्षांत त्यांनी एकही नट उघडा पडू दिला नव्हता.

समितीचे कामकाज सहा तास चालले. पैकी चार तास सभासदांनी आपापल्या मतदारांची स्तुती केली, एक तास एकमेकांची निंदा, आणि वीस मिनिटे एका दिवंगत कुत्र्याला श्रद्धांजली वाहिली (कुत्रा सर्वपक्षीय होता). उरलेल्या वेळात साहेबांनी शहाण्णव वेळा "आठवत नाही" म्हटले. कॅमेऱ्याबाहेर, मांडीवर फाइली घेऊन बसलेल्या बाईंनी शहाण्णव वेळा ओठ दाबून धरले.

"तपासणीतून सूट देणाऱ्या कागदावर सही कोणी केली?" सत्त्याण्णवावा प्रश्न आला.

साहेब थांबले. छताकडे पाहू लागले. नट अडला होता.

"मी केली," बाई कुजबुजल्या, अर्थात इंग्रजीत. "चौदा मे. निळी शाई."

माइक चांगला होता.

वॉशिंग्टनच्या त्या इमारतीत "मी केली" हे शब्द कित्येक वर्षांत कोणी ऐकले नव्हते. दोन वृद्ध सभासदांना रडू फुटले. ज्या पक्षांचे घड्याळात किती वाजले यावरही जमत नसे, त्यांनी ठराव एकमताने संमत केला: कबुली स्त्रीच्या आवाजात आहे, साहेब पुरुष आहेत, सबब सही त्या बाईंची.

"अहो, मी फक्त प्रॉम्प्ट केलं!" बाईंनी बडतर्फीचे पत्र हातात देणाऱ्या एचआरच्या रिझवानला सांगितले.

"मॅडमजी, रेकॉर्ड में तो 'आय साइन्ड' है. और रेकॉर्ड तो आप ही रखती हैं."

"मग तो कागद काढून बघा ना!"

"वो कल से कॉन्फिडेन्शियल हो गया. इन्शाल्ला, पचास साल में खुलेगा."

घरी सुरेशने सामान पाठवायला कार्गोवाल्याला फोन लावला. ईश्वरीने मात्र मोबाइल खाली ठेवला. "सो माय बोर्ड्स आर गॉन? बिकॉज ही फरगॉट हिज लाइन?"

साहेबांनी मोठेपणा दाखवला. झाल्या प्रकाराची संपूर्ण जबाबदारी त्यांनी स्वीकारली (ती स्वीकारणे आणि तिचे परिणाम भोगणे ही दोन वेगळी खाती आहेत), आणि कंपनीने त्यांना सल्लागार मंडळाचे अध्यक्ष केले. मराठी मंडळाने त्यांना वार्षिक समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले. विषय: सार्वजनिक जीवनातील सचोटी. त्याच संध्याकाळी कर्णिक कुटुंब विमानतळावर होते.

अमेरिकेला हसलात ना? हसा. पण समारंभाच्या फोटोत साहेबांच्या खांद्याला खांदा लावून, मान तिरकी करून उभे आहात ते तुम्हीच. कर्णिकबाईंचे काय झाले, असे त्या दिवशी सभागृहात एकाने उठून विचारलेही होते. "शूऽऽ, खाली बसा, पाहुणे बोलताहेत," असे तुम्ही त्याला म्हणालात. एवढे वाक्य मात्र न अडखळता, कुणीही न सांगता.