सात शेतांची भाजी

कॉलेजच्या मेसचा कारभार बघणाऱ्या बाईंनी प्राचार्यांना छातीठोकपणे सांगून टाकलं, की सोमवारपासून पोरांच्या ताटात घाऊक बाजारातलं एक पानसुद्धा पडणार नाही. आसपासची सात छोटी शेतं. सकाळी तोडलेली भाजी दुपारी ताटात. प्राचार्य म्हणाले, जरूर करा. फसलं तर मेस बाहेरच्या कंत्राटदाराला देऊ. म्हणजे बाईही जाणार आणि त्यांच्या स्वयंपाकिणीही. पण हे ते इतक्या गोड आवाजात म्हणाले, की बाईंच्या डोक्यात ते घरी पोचल्यावर शिरलं.

तरी फसण्याचं कारण नव्हतं. एक शेत थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं, आणि बाकीची सहा त्यांच्याच ओळखीतल्यांची. बाईंनी एकेकाला फोन करून विचारलं, सगळ्या पोरांना पुरेल ना? साती जणांनी ‘ताई, निर्धास्त राहा’ अशाच अर्थाचं काहीतरी सांगितलं. आपलं रान लहान आहे हे फोनवर कबूल करणारा शेतकरी बाईंना तरी भेटला नाही. मग त्यांनी भाजीच्या व्यापाऱ्याला ‘आता गाडी नको’ असं कळवलं, आणि त्याच भरात साती घरांना पहिल्या दिवशी जेवायचं आमंत्रण देऊन टाकलं.

सोमवारी दाजी सगळ्यांच्या आधी आले. इस्त्रीचा शर्ट, सोबत बायको, दोन सुना, एका सुनेची आई, आणि हातात कोथिंबिरीची एक जुडी.

बाईंनी गाडीच्या मागे वाकून पाहिलं. "दाजी, भाजी?"

"ही काय." दाजींनी जुडी पुढे केली. "बाकीचे सहा आणतायत ना. म्हटलं, त्यात आपली कशाला गर्दी?"

बाकीचे सहाही असंच म्हणून आले होते. एकाने चार काकड्या आणल्या, एकाने मुळे, एकाने नुसत्या शुभेच्छा. स्वयंपाकघरातल्या त्या लांबलचक ओट्यावर सगळं मांडलं तेव्हा भातुकलीचा डाव मांडल्यासारखं दिसलं. माणसं मात्र लग्नाला आल्यासारखी आली होती.

"आणि तुमची गाजरं?" बाईंनी दाजींना विचारलं.

"ती काल विकली. तयार माल किती दिवस ठेवणार? तुझ्या त्या व्यापाऱ्यालाच दिली. त्याने सगळ्यांचीच उचलली."

थोरल्या स्वयंपाकिणीने रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवलं. त्या आवाजाने बाई भानावर आल्या आणि त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला. तो आधी रुसक्या आवाजात म्हणाला, गाडी नको होती ना? मग म्हणाला, आलोच.

तो स्वतः गाडी घेऊन आला. बाईंनी त्याला मागच्या दाराने आत घेतलं आणि पाहुण्यांना पुढे बसवून ठेवलं. पण दाजींना बसवत नाही. ते मदतीला म्हणून आत आले आणि पहिल्याच खोक्यातून एक गाजर उचलून उभे राहिले. गाजराला दोन पाय होते आणि त्याने एका पायावर दुसरा टाकला होता.

"हे आमचं," दाजी म्हणाले. "आमच्या खडकाळ जमिनीशिवाय अशी बैठक कुणाला जमत नाही."

मग बाकीचेही आत आले. कुणाला आपली कोबी सापडली, कुणाला आपली वांगी. हरवलेली पोरं सापडावीत तशी माणसं खोक्यांशी बोलायला लागली. दाजींच्या सुना पदर खोचून चिरायला बसल्या. जेवण वेळेवर झालं.

प्राचार्य दोनदा वाढून घेऊन जेवले. फरक कळतो म्हणाले. जेवणानंतर ते आभार मानायला स्वयंपाकघरात आले, साती शेतकऱ्यांशी हात मिळवले आणि शेवटी दाराशी टेकून जेवत असलेल्या व्यापाऱ्यापाशी थांबले.

"आणि तुम्ही यातलं काय पिकवता?"

व्यापाऱ्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी पातेल्यात पाहिलं.

"सगळंच, साहेब," तो म्हणाला.

प्राचार्य भारावून गेले. बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, मेस तुमच्याकडेच राहील, काळजी नको. फक्त एक करा. या सात जणांच्या मागे कशाला धावता? सगळी भाजी या एकट्या शेतकऱ्याकडूनच घेत जा.

बाई बरं म्हणाल्या, आणि शेतकऱ्याला आणखी भाजी वाढायला गेल्या.