कुंपणाला घातलेली शिवण

"पुन्हा माझ्या गुलाबांत दिसली, तर शेळी परत मिळायची नाही. सांगून ठेवते!" शेजारच्या रोपवाटिकेच्या मावशी सकाळीच बजावून गेल्या आणि शिंपीमास्तरांच्या हातातला चहा निवला.

शेळीचं नाव चतुरा, आणि ते तिने कमावलेलं होतं. फाटक, काटेरी फांद्या, गळ्यातलं लोढणं, सगळ्याला ती पुरून उरली होती. मास्तर तिला रागवायला जात आणि कौतुक करत परत येत. "अहो, कडी दातांनी काढते!" असं ते मापं घेता घेता गिऱ्हाइकांना सांगत. ती दुसऱ्याच्या दावणीला गेली असती तर त्यांना अन्न गोड लागलं नसतं.

तेव्हा ठरलं, विजेचं कुंपण घालायचं. हलका झटका देणारं मशीन घेऊन झालं. आता वीज खेळवायची कशातून? दुकानदाराने माल पुढे मांडला.

"ही जस्ताचा मुलामा दिलेली तार. वीज लांब न्यायला हिचा हात कोणी धरणार नाही. ही दोरी, हलकी. आणि ही पट्टी, आत बारीक तारा विणलेल्या. जनावराला लांबून दिसते."

मास्तरांनी तारेकडे पाहिलंसुद्धा नाही. पट्टी चिमटीत चोळली, उजेडात धरली. "काय वीण आहे!" त्यातही अख्खं बंडल सोडून त्यांनी कोपऱ्यातले कापलेले तुकडे उचलले. तुकडा वाया जाताना बघवेल तो शिंपी कसला!

"जोडायला लोखंडी चिमटे देऊ?"

"मला? चिमटे?" मास्तर नुसते हसले.

दुपारभर शिलाई मशीन खडखडत होतं. प्रत्येक टोक आत दुमडलं, मध्ये कापडाचं अस्तर घातलं, वर दुहेरी टीप मारली. सांधा शोधून सापडेना. कुंपण उभं राहिल्यावर मास्तरांनी झटक्याच्या मशीनजवळच पट्टीला बोट लावलं, टुणकन उडाले आणि समाधानाने जेवायला बसले.

चतुरेनेही तिथेच नाक लावलं, तीही उडाली. पण ती जेवायला गेली नाही. पट्टीच्या कडेकडेने, दाढीचे केस जेमतेम टेकवत ती पुढे सरकली. पहिली शिवण ओलांडली आणि थांबली. मग पूर्ण नाक टेकवलं. मग मान घातली. मग सगळी शेळीच पलीकडे गेली.

मास्तर धावत पोचले तेव्हा मावशींनी तिला खुंटाला बांधलं होतं.

"शब्द म्हणजे शब्द, मास्तर. आता ही माझी."

"मावशी, चूक माझी आहे हो. तिला कशाला शिक्षा?" मास्तरांनी हात जोडले.

इतक्यात त्यांची बायको कात्री घेऊन आली. तिने झटक्याचं मशीन बंद केलं, एक सांधा उसवला आणि वीज अडवणारा आतला कापडाचा तुकडा सगळ्यांसमोर धरला. "अहो, विजेला अस्तर कशाला लावलंत? थंडी वाजते का तिला?"

मावशींनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण साधलं नाही. "मी बघत होते हिला. एकेक इंच तपासत आली. माझ्या माणसांना अशी अक्कल असती तर!" मग म्हणाल्या, "घेऊन जा. पण माझ्या बागेलाही कुंपण घालायचं. सलग तार, शिवणकाम नको. आणि ते हिने पास करायचं."

तार ओढून झाल्यावर चतुरेला आणलं. ती सावकाश चालत आली, दाढी तारेजवळ नेली, झटकन मागे सरली आणि लांब जाऊन बसली.

"पास!" मास्तर ओरडले.

"सोंग करतेय, लबाड! चालू तरी केलंय का?" म्हणत मावशींनी तारेवर बोट ठेवलं.

"आई गं!"

हात झटकत त्यांनी शेळीकडे पाहिलं. "शहाणी गं माझी बाय," असं म्हणून त्यांनी आपल्या हाताने गुलाबाची एक कोवळी फांदी तोडली आणि तारेवरून तिच्यापुढे धरली.

चतुरा उठून आली. तिने आधी दाढीच्या केसाने फांदी तपासली. मगच खाल्ली.