बोलेरोच्या अंगावरचे ठिपके

एवेलिओकाका बहिणीकडे ओल्गिनला गेले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ओस्मानीला बोलेरोच्या शेपटीवर सात पांढरे ठिपके दिसले. दुपारपर्यंत ते चाळीस झाले.

बोलेरो म्हणजे एवेलिओकाकांचा मासा. सोनेरी, पोट सुटलेला, गालफडं फुगवून बघणारा, थेट काकांसारखाच! निघताना काकांनी ओस्मानीला काचेच्या पेटीसमोर उभं करून बजावलं होतं, "दहा दिवसांनी येतो. हा जिवंत असला, तर यानेलिसशी खुशाल लग्न कर, मागची खोलीही तुमची. मेला असला, तर पिशवी उचलायची आणि आईकडे जायचं. ज्याला मासा सांभाळता येत नाही तो माझ्या पोरीबरोबर काय संसार करणार?"

आता मातान्सास शहरात प्रेम काय कुठेही करता येतं, समुद्राच्या कठड्यावर बसूनसुद्धा. पण खोली? खोली कुठे मिळते?

ओस्मानी धावत सुटला तो थेट शोभेचे मासे विकणाऱ्या बारोसोकडे.

"पांढरे ठिपके ना? कीड लागलीय त्याला," बारोसो कॉफीच्या कपातून मान वर न काढता म्हणाला. "औषध मागू नकोस, वर्षभरात माझ्या नजरेला पडलेलं नाही. मीठ घाल. दहा लिटरला चहाचा एक चमचा, मगात विरघळवून, हळूहळू ओतायचं. तीन दिवस रोज तेवढंच. मग थांबायचं."

"मिठानं कीड मरते?"

"मरते की. जास्त झालं तर मासाही मरतो. तू सूप करायला बसलेला नाहीस, एवढं डोक्यात ठेव."

घरी येऊन बघतो तर मिठाचा डबा रिकामा! ओस्मानी गॅलरीत गेला आणि ओरडला, "कुणाकडे मीठ आहे का हो?"

वरच्या गॅलरीतून सोराइदामावशींचं डोकं बाहेर आलं. "कशाला रे?"

माशासाठी म्हणावं, तर पाच मिनिटांत ओल्गिनला फोन. ओस्मानीनं ठोकून दिलं, "पाय सुजलेत, मावशी! शेकायला!"

आणि इथेच घोटाळा झाला. कारण त्या इमारतीत मीठ कुणी कुणाच्या हातात देत नाही. हातोहात दिलं की दोन्ही घरांत भांडणं मुक्कामाला येतात. म्हणून मीठ खाली ठेवायचं आणि निघून जायचं, ज्याला हवंय त्यानं उचलावं. ओस्मानीनं थोड्या वेळानं दार उघडलं, तर उंबऱ्यावर ओळीनं नऊ ग्लास, नऊही मिठानं भरलेले!

त्यानं एक उचलला. दुसऱ्याला हात घालतोय तोच यानेलिस ओरडली, "ठेव! एक ग्लास म्हणजे मीठ. नऊ म्हणजे करणी. घरात आणायचं नाही."

"मग परत देऊ?"

"डोकं फिरलंय का? परत केलेल्या मिठाबरोबर घरातलं चांगलं सगळं जातं!"

झालं, आठ ग्लास उंबऱ्यावरच राहिले. दोघं त्यांच्यावरून उड्या मारत ये-जा करू लागली. ओस्मानी रोज मगात मीठ विरघळवायचा, थेंब थेंब सोडायचा आणि बोलेरोचे ठिपके मोजायचा. तिसरा चमचा पडला तेव्हा ते एकशे बारा होते.

चौथ्या दिवशी पायांची चौकशी करायला सोराइदामावशी खाली उतरल्या, पहिल्याच ग्लासला अडखळल्या, आणि आठच्या आठ ग्लास आडवे! उंबऱ्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरा पट्टा. मावशींनी किंकाळी फोडली, आणि नेमके तेव्हाच बॅग घेऊन जिना चढत आले एवेलिओकाका. सहा दिवस आधी!

काका पट्ट्यासमोर थिजले. "माझ्या दारात हे कुणी केलं?"

"काका, मी पाय शेकायला मीठ..."

"तुझे पाय तर धडधाकट दिसतायत!"

ओस्मानी लगेच लंगडला. यानेलिस पुटपुटली, "डावा रे, सकाळी डावा होता."

"मी हे ओलांडणार नाही," काका म्हणाले. "झाडा कुणीतरी!"

कोण झाडणार? झाडेल त्याच्या अंगावर येतं. शेजारी आपापल्या दारातून बघत होते आणि आपला ग्लास ओळखून गप्प होते.

"मग बोलेरोला इकडे आण. मला बघायचाय."

ओस्मानीला दरदरून घाम फुटला. पण घाबरलेला माणूस काय वाट्टेल ते बोलून जातो. "काका, जे मीठ तुम्ही ओलांडत नाही, त्यावरून त्या बिचाऱ्या माशाला नेऊ?"

काकांनी विचार केला. मुद्दा बिनतोड होता.

अशा रीतीनं एवेलिओकाका स्वतःच्या घराच्या बरोबर वर, सोराइदामावशींच्या सोफ्यावर राहायला गेले. जेवण खालून दोरीच्या टोपलीत वर जायचं, तक्रारी तोंडी खाली यायच्या. "भातात मीठ नाही!" "काका, तुम्हीच मिठाला घाबरता ना?" दुसऱ्या दिवशी तर त्यांनी मावशींचा हात-आरसा दोरीला बांधून खिडकीसमोर सोडला, पेटी दिसावी म्हणून. आरसा गोल गोल फिरत होता. ओस्मानी पेटीसमोर छाती काढून उभा राहिला.

"मला फक्त तुझं नाक दिसतंय!" वरून आवाज आला.

"बोलेरो मागे आहे, काका! झोपलाय!"

"मासा कधी डोळे मिटतो का रे गाढवा?"

पण इकडे मीठ आपलं काम करत होतं. ठिपके साठ झाले, मग वीस, मग तीन. काका वर राहायला गेल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी बोलेरो नव्या नाण्यासारखा चकचकीत होऊन खाणं मागत होता.

त्याच सकाळी सोराइदामावशी ओला फडका घेऊन खाली आल्या आणि एका हातानं अख्खा पट्टा पुसून काढला. "येऊ दे माझ्या अंगावर काय यायचं ते," त्या म्हणाल्या. "या माणसाच्या घोरण्यापेक्षा करणी बरी!"

काका उजवा पाय आधी टाकत आत शिरले, सरळ पेटीपाशी गेले आणि काचेला नाक लावलं. डावीकडून बघितलं. उजवीकडून बघितलं. वाकून पोटाखाली बघितलं.

"ठिपके कुठे गेले?" ते म्हणाले.

यानेलिसनं वडिलांकडे वळून बघितलं.

"कुठले ठिपके, पपा?" यानेलिस हळूच म्हणाली. "ठिपक्यांचं एक बारोसो सोडला तर कुणालाच माहीत नव्हतं, आणि तुम्ही तर वरून हललाच नाहीत."

काकांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेजारी पेटीत बोलेरोचंही तेच चाललं होतं.

"म्हणजे जातानाच दिसले होते तुम्हाला!" यानेलिस म्हणाली. "म्हणून याच्या गळ्यात मारलात! आणि सहा दिवस आधी आलात ते मेलेला मासा बघायला?"

काकांनी मुकाट्यानं खिशातून मागच्या खोलीची किल्ली काढली. ओस्मानीनं हात पुढे केला. काकांनी त्या हाताकडे बघितलं, किल्ली अलगद टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले.

"ते मीठ नाही, पपा," यानेलिस म्हणाली. "हातात द्या."